उघड्या छताची दोनसीटी घेऊन कॅले ते स्टेल्व्हिओ : गाडी, सामान, घाट

खिंडकर (धागालेखक)

उन्हाळा जवळ आला की इंग्लंडातल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. माझदा एमएक्स-५ घेऊन आल्प्सला जाता येईल का, की ती रविवारी सकाळी पबपर्यंत न्यायचीच गाडी? जाता येतं, आणि चांगलं जाता येतं. या गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात ते जुनं रबर, तुंबलेल्या पाण्याच्या वाटा आणि जागा नसताना कोंबलेलं सामान. म्हणून हा धागा. ज्यांना ज्यातलं कळतं त्यांनी ते सविस्तर लिहावं, 'मस्त गाडी आहे' एवढंच लिहू नये.

पिढ्या चार : एनए (१९८९ ते ९७, मिटणाऱ्या दिव्यांची), एनबी (२००५पर्यंत), एनसी (२०१५पर्यंत) आणि आत्ताची एनडी. वजन पिढीप्रमाणे ९५० ते ११५० किलो. मोटरवेवर जुनी आणि नवी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाच गिअरच्या १.६ एनएचं इंजिन ताशी १३० किमीला ४,२०० आरपीएमच्या आसपास फिरतं, २ लिटरची सहा गिअरची एनडी त्याच वेगाला ३,२००च्या घरात असते. एनएला ते सोसतं, कानांना सोसत नाही. जुन्या गाडीने ताशी ११० धरून चालावं.

मार्ग : फ्रान्सचं बंदर कॅले, मग रँस, मेट्झ, बाझल. साधारण ७०० किमी, निव्वळ अंतर कापणं. खरा प्रवास स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाटपासून. सुस्टेन (२२२४ मीटर), ग्रिम्झेल (२१६४) आणि फुर्का (२४२९) हे तीन घाट सुमारे १२० किमीच्या एका फेरीत होतात. मग ओबराल्प उतरून कूर, डाव्होस, फ्लुएला (२३८३), झेर्नेझ, ओफेन (२१४९), सांता मारिया, आणि तिथून उम्ब्राइल चढून इटलीतला स्टेल्व्हिओ (२७५७). असं गेलं की स्टेल्व्हिओची प्राटो गावाकडची ४८ हेअरपिन वळणं उतरणीला मिळतात. म्हणजे ब्रेकची परीक्षा. हे घाट साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडे असतात, पण जुलैतही बर्फ पडून एखादा दिवस बंद राहू शकतो. घाटाच्या पायथ्याशी 'उघडा / बंद' अशी पाटी असते. ती वाचूनच वर चढावं.

ब्रेकवर नटबोल्ट लिहीलच.

नटबोल्ट

लिहितोच. ब्रेक ऑइलपासून सुरुवात. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं. ते हवेतली वाफ शोषतं, आणि पाणी शिरल्यावर हाच आकडा १५५पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर कॅलिपर (डिस्कवर पॅड आवळणारा भाग) तापले की तेलात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल अचानक मऊ होऊन खाली जातं. दोन वर्षांपेक्षा जुनं तेल असेल तर निघण्यापूर्वी चारही चाकांतून बदलून घ्या. साधारण एक लिटर पुरतं. डॉट ५.१ चालतं. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या गाडीत घालायचं नाही आणि मिसळायचं तर अजिबात नाही.

उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवायचा. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाआधी, जोरात आणि थोडा वेळ मारून सोडून द्यायचा. पाय हलकासा टेकवून पाच किलोमीटर उतरणाऱ्याचेच ब्रेक जळतात. आणि खाली पोचल्या पोचल्या गाडी उभी करून ब्रेक दाबून धरू नका, तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतो. दोन-तीन किलोमीटर सपाटीवर चालवून मग थांबा. चाकांतून वास येत असेल तर हॅन्डब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

एनए-एनबीचं दुखणं मागच्या कॅलिपरचं. हॅन्डब्रेकची लिव्हर आणि आतली यंत्रणा गंजून अडकते. मग एकतर हॅन्डब्रेक धरत नाही, नाहीतर पॅड सुटतच नाही आणि एक चाक तापत राहतं. वीस मिनिटं चालवून चाकांच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर कॅलिपर अडकलाय. पॅड झिजल्याने हॅन्डब्रेक फार वर येत असेल तर आधी केबल घट्ट करायला धावू नका. गाडीचं मागचं टोक स्टँडवर घ्या, हॅन्डब्रेक पूर्ण सोडा, कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढा. आत ४ मिमीच्या ॲलन कीचा स्क्रू आहे. चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत तो घड्याळाच्या दिशेने फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. दोन्ही बाजूंना तेच करा. केबलचा विचार त्यानंतर.

गळकंछप्पर

माझा विषय नावातच आहे. छत दुमडतं तिथे, सीटांच्या मागे, पाणी गोळा करणारी पन्हळ असते. तिच्या दोन्ही टोकांना भोकं, तिथून नळ्या खाली जातात आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) पोटाशी पाणी सोडतात. पानं, पाइनच्या सुया, छताचे धागे यांनी ती तुंबते. मग पाणी दोन ठिकाणी जातं : आत गालिच्याखाली, किंवा सिलच्या पोकळीत. इंग्लंडात जुन्या एमएक्स-५ एमओटीत (गाडीच्या वार्षिक तपासणीत) नापास होतात त्या बऱ्याचशा मागच्या चाकापुढच्या याच गंजाने.

तपासणी सोपी आहे. एनए-एनबीत छत अर्धवट उचला, बेल्टच्या खांबामागे कोपऱ्यातलं भोक शोधा, अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. त्याच बाजूला गाडीखाली धार दिसली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी, टोक गोल करून, फिरवत आत घाला. कोटाच्या हँगरची तार घालू नका, नळी फाटते. कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, नळी जोडातून निसटते आणि मग सगळं पाणी सिलमध्येच जातं. नायलॉन अडखळला की थोडं पाणी ओता, पुन्हा फिरवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

छत ओलं असताना दुमडून रात्रभर ठेवू नये. बुरशी धरते आणि प्लास्टिकची काच धुरकट होते. पाऊस संपला की छत लावूनच वाळू द्या. प्लास्टिकच्या मागच्या काचेची एनए असेल तर छत खाली करण्याआधी चेन उघडून काच सपाट निजवा आणि मध्ये मऊ टॉवेल घाला. सकाळच्या थंडीत प्लास्टिक कडक असतं, तेव्हा दुमडलं तर तडा जातो. हीटर लावून केबिन गरम करा आणि मगच उघडा. एनबीपासून काच खरी आहे, ही कटकट नाही.

अनघा_लीड्स

सामानाचं मी लिहिते. एनडीची डिकी १३० लिटरची, एनबी-एनसीची जरा मोठी. एनए-एनबीत त्याच डिकीत स्टेपनी आणि बॅटरीही बसते. आकड्यापेक्षा तोंडाचा आकार महत्त्वाचा : झाकणाचं तोंड अरुंद आणि खोली असमान. कडक सूटकेस एक बसते आणि तिच्याभोवतीची जागा फुकट जाते. चेन नसलेल्या, तोंड गुंडाळायच्या २०-२५ लिटरच्या मऊ पिशव्या घ्या. दोघांच्या मिळून तीन बसतात, उरलेल्या फटींत बूट आणि जॅकेटं एकेक करून. पिशव्या पाणी न शिरणाऱ्या असल्या तर गळकंछप्पर यांनी लिहिलेल्या गळतीची काळजीही कमी.

आता वजन. हजार किलोच्या गाडीत दोन माणसं आणि ४० किलो सामान म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा वजन वाढलं. जड वस्तू (हत्यारं, पाणी, चार्जर) सीटमागे किंवा डिकीच्या तळाला, पुढच्या भिंतीला टेकवून. मागचं टोक दबलं की दिवे वर जातात. डॅशबोर्डवर दिव्यांची उंची बदलायची चकती असेल तर एक-दोन घरं खाली आणा.

डिकीवरचं रॅक मला पसंत नाही. सामान मागच्या ॲक्सलच्या मागे आणि उंचावर जातं, म्हणजे वळणात सर्वांत वाईट जागी. झाकण उघडायला दर वेळी पट्टे सोडावे लागतात. तिसरा ब्रेकदिवा झाकला जातो.

खिंडकर

ताई, रॅकवर थोडा मतभेद. दोघं पंधरा दिवस जाणार असतील आणि थंडीचे कपडे हवे असतील तर रॅकशिवाय भागत नाही. पण अटी : वर फक्त हलकं सामान, म्हणजे स्लीपिंग बॅग, जॅकेटं. दहा किलोच्या आत. रॅकच्या पायांखालचा रंग आदल्या दिवशी धुऊन मेणाचा हात द्या, पायाखाली अडकलेली धूळच ओरखडे काढते. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पट्टे पुन्हा ओढा, ते सैल होतातच.

अनघा_लीड्स

दहा किलोच्या आत असेल तर भांडण नाही. लोक वीस किलोची पेटी बांधतात, त्याला विरोध.

पुणेकर_३८

मोलाचा धागा. एक प्रश्न : छत उघडं ठेवून आठ-दहा तास बसणं माणसाला कितपत झेपतं? इथे उघडी जीप दोन तासांत नको वाटते. आणि ही गाडी भारतात का दिसत नाही?

अनघा_लीड्स

माझदाने भारतात प्रवासी मोटारी विकल्याच नाहीत, म्हणून दिसत नाही.

झेपण्याबद्दल : वारा पुढून येत नाही, तो काचेवरून वर जाऊन सीटांच्या मागे उलटा आत फिरतो. म्हणून सीटांमागे जाळी किंवा पारदर्शक पत्र्याची वारा-अडवणी हवी, दोन्ही खिडक्या वर हव्यात, हीटर पायांकडे हवा. एवढं केलं की १० अंशांतही ताशी ८० किमीला बसता येतं. फुर्कावर जुलैतही सकाळी ५ अंश असू शकतात, तेव्हा पातळ कपड्यांचे तीन थर घाला, एक जाड स्वेटर नको. मफलर गळ्यापाशी आत खोचलेला असावा, त्याचं टोक बाहेर उडता कामा नये.

ऊन जास्त फसवं. वाऱ्यात चटका कळत नाही, आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. एसपीएफ ५०चं सनस्क्रीन दर दोन तासांनी. लोक विसरतात त्या जागा : कानांची वरची कड, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, आणि डावीकडे चाक असलेल्या गाडीत डावा हात, आपल्या गाडीत उजवा. हनुवटीखाली पट्टा येणारी टोपी घ्या. साधी टोपी पहिल्या बोगद्यात उडते. पाणी तासाला दोन घोट तरी. तहान लागत नाही आणि संध्याकाळी डोकं धरतं.

नटबोल्ट

कानांचंही. ८५ डेसिबलच्या वर आठ तास राहणं कानाला घातक मानतात, आणि मोटरवेच्या वेगाला उघड्या गाडीत आवाज त्याच्या वर जातो. मोटरवेला छत लावा, घाटात उघडा. तरी उघडंच ठेवायचं असेल तर फोमचे साधे बोळे. ब्लूटूथवाले इअरबड घालू नका : फ्रान्समध्ये १ जुलै २०१५पासून गाडी चालवताना कानात इअरफोन चालत नाहीत, दंड १३५ युरो.

हवाभरा

टायरवर कुणी लिहिलं नाही. या गाड्या हलक्या, वर्षाला फिरतात कमी, त्यामुळे नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. बाजूच्या भिंतीवर चार अंकी आकडा बघा : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचं टायर, बारीक चिरा असलेलं, नक्षी कितीही चांगली असो, ओल्या घाटात घसरतं.

हवा गार टायरला मोजायची. एनए-एनबीला २६ पीएसआय, एनडीला २९, बाकी दाराच्या खांबावरची पट्टी बघा. पट्टीवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असेल तर सामानासकट तो घ्या. घाटमाथ्यावर हवा मोजून 'वाढली' म्हणून सोडणारे भेटतात. सोडू नका. २७५० मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेज सुमारे ४ पीएसआय जास्त दाखवतो, आणि वर १५-१८ अंश थंडी असली तर टायरमधला दाब अडीचच्या आसपास उतरतो. दोन्हीची बरीचशी वजाबाकी होते. वर सोडलेली हवा खाली कमी पडते.

त्याच उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची सुमारे पाव ताकद जाते. गाडी बिघडलेली नाही, एक गिअर खाली चला.

एनडीत स्टेपनी नाही, फेसाचा डबा आणि पंप असतो. फेस शेवटचा उपाय, कारण तो घातल्यावर पंक्चरवाला टायर हातात घ्यायला कुरकुरतो. दोरीच्या प्लगचा संच ठेवा. खिळा नक्षीच्या भागात असेल तर तो पक्कडने काढा, कानसाने भोक साफ करा, प्लग घाला, १ सेंटिमीटर बाहेर ठेवून कापा. भिंतीला चीर असेल तर दोन्ही उपाय निरुपयोगी, टोइंग बोलवा.

सातारी_सर्किट

एनएसाठी सुटे भाग कोणते बरोबर ठेवावेत? उगाच अर्धं गॅरेज नको.

नटबोल्ट

मोजकेच : क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा), अल्टरनेटरचा पट्टा, हीटरच्या नळीचा हातभर तुकडा आणि चार क्लिपा, फ्यूज, एच४ दिवा, अर्धा लिटर डॉट ४, एक लिटर इंजिन ऑइल, दोन लिटर डिस्टिल्ड पाणी. पाने १०, १२, १४ आणि १७चे, चाकासाठी २१.

स्लेव्ह सिलिंडर यादीत पहिला का, तर एनए-एनबीचा तो हमखास जाणारा भाग आहे. लक्षणं : गरम झाल्यावर पहिला आणि रिव्हर्स अडून पडतो, पेडल खालपर्यंत जातं, क्लचच्या डबीतलं तेल कमी होतं. निघण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या बाजूला त्याची रबरी टोपी उचकटून बघा. आत ओल असेल तर घरीच बदला : दोन बोल्ट आणि एक पाइप, भाग स्वस्त. रस्त्यात गेला तर डबी भरून पेडल दहा-पंधरा वेळा मारा, थोडा जीव येतो. बदलल्यावर हवा काढायला दोघं लागतात : एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मग पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत, आणि डबी रिकामी होऊ न देता.

दुसरं, रेडिएटर. वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते. ती हिरवट-तपकिरी दिसू लागली की ठिसूळ झाली. घाटात तडा तिलाच जातो. तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका, तो मधोमध अडून बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी बदलल्यावर गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू द्या. हवा निघाली की पातळी खाली जाते, पुन्हा भरा.

टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर एक लाख किलोमीटर झाले असं धरून बदला. आणि एनएच्या बॅटरीवर कंजुषी नको : ती डिकीत असते, म्हणून सीलबंद आणि वाफेच्या नळ्या जोडता येणारीच हवी. साधी बॅटरी ठेवली तर आम्लाच्या वाफेने डिकीचा तळ खाल्ला जातो.

कागदवाली

कागद आणि कायदे, थोडक्यात. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा रहिवासी परवाना पुरत नाही, शेंगेन व्हिसा लागतो. जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज. बुकिंगं त्या हिशेबाने करा. गाडीच्या व्ही५सीची (नोंदणीच्या कागदाची) मूळ प्रत, विम्याचा कागद. ग्रीन कार्ड (परदेशात दाखवायचा विम्याचा दाखला) २ ऑगस्ट २०२१पासून लागत नाही, पण विमा कंपनीला विचारा : परदेशात बऱ्याच पॉलिसी आपोआप फक्त तिसऱ्या पक्षापुरत्या उरतात. मागे 'यूके'चं चिन्ह, जुनं 'जीबी' २८ सप्टेंबर २०२१पासून बाद. फ्रान्सला चमकणारं जाकीट आणि त्रिकोण. जाकीट हाताशी ठेवा, डिकीत नको. ऑस्ट्रियातून जाणार असाल तर प्रथमोपचार पेटीही.

स्विस मोटरवेचं विन्येट (टोलचा स्टिकर) ४० फ्रँक, एकच प्रकार, वर्षाचं. आता ऑनलाइनही मिळतं. फोनमधली स्पीड कॅमेऱ्यांची सूचना फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बंद करा. फ्रान्सच्या टोलनाक्यावर खिडकी डावीकडे आणि आपण उजवीकडे, तेही जमिनीला टेकलेले. एकटे जाणार असाल तर टोलचा इलेक्ट्रॉनिक टॅग आधी मागवा. फ्रेंच मोटरवेवर बंद पडलात तर स्वतःची टोइंग कंपनी आत येऊ शकत नाही : नारिंगी फोनवरून अधिकृत माणूस येतो, पावती घ्या, भरपाई नंतर मागा.

स्विस घाटात पिवळ्या पोस्टबसचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की वळणाआधी थांबा. तिला प्राधान्य असतं आणि ड्रायव्हर मागे घ्या म्हणाला तर मागे घ्यावं लागतं.

सातारी_सर्किट

रात्री गाडी रस्त्यावर ठेवायची तर? कापडी छत कुणीही कापेल.

गळकंछप्पर

कापतात, म्हणून आत काही दिसू देऊ नका. एनए-एनबीत डिकी उघडायचा खटका सीटांच्या मधल्या कप्प्यात असतो, त्यामुळे तो कप्पा रोज कुलूपबंद करा. तो उघडा राहिला की छत कापणाऱ्याला डिकी आयतीच मिळते. एनडीतही कुलपाचा कप्पा सीटांच्या मध्येच मागे आहे, समोर ग्लोव्हबॉक्स नाही, कागद तिथे ठेवा. हॉटेल निवडताना बंद गॅरेज बघा.

सातारी_सर्किट

शेवटचा प्रश्न. एनएचे दिवे बोगद्याआधी वर आलेच नाहीत तर?

नटबोल्ट

आधी थांबा. दिव्यांच्या मोटरचा फ्यूज काढा, नाहीतर हात आत असताना ती फिरेल. बॉनेट उघडा, अडलेल्या दिव्याच्या मोटरवर रबरी टोपी असते, तिच्याखाली गोल मूठ. दिवा पूर्ण वर येईपर्यंत ती फिरवत राहा, बरेच फेरे लागतात. फ्यूज मुक्कामाला पोचेपर्यंत बाहेरच ठेवा. दिवे वर राहतील आणि पेटतीलही, त्यांचा फ्यूज वेगळा आहे. उजव्या बाजूने चालायचंय म्हणून दिव्यांच्या काचेवर लावलेल्या काळ्या पट्ट्या जागेवर आहेत का, हेही तेव्हाच बघून घ्या.